उघडं ठेवलेलं नाव

“नाव घेतलं. आता बसा.”

हे म्हणताना ताई हातातलं पेन बाकाकडे रोखायच्या, आणि माणूस खरोखर टेकेपर्यंत ते खाली आणायच्या नाहीत. “असू दे, उभा राहतो” असं कोणी म्हणालं तरी पेन तसंच रोखलेलं. शेवटी त्या पेनाचा मान राखून माणूस बसायचा. तुमच्याही ओळखीच्या एखाद्या दवाखान्यात असं माणूस असेल. ते दिसलं की आपला नंबर येणार, आपल्याला कोणी विसरणार नाही, असं वाटतं. आमच्याकडे त्या होत्या. घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी एका लॅबचं रक्त घेण्याचं केंद्र होतं, त्याच्या त्या प्रमुख. डोंगरावरचे सगळे त्यांना ताईच म्हणायचे, त्यांच्यापेक्षा म्हातारी माणसंसुद्धा.

आम्ही त्या डोंगरावर, पायऱ्या संपतात तिथे राहायचो. पाणी खालून वर आणायचं. बाबा एका गोदामात माल उचलायचे, आई लोकांकडे पोळ्या लाटायला जायची. मी शाळेत असताना बाबांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेचना. डॉक्टर म्हणाले, साखर तपासा. बाबा तपासायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “उपाशीपोटी खाली उतरायचं, रक्त द्यायचं, वर चढून जेवायचं, आणि दोन तासांनी परत खाली. असल्या पायाने? त्यापेक्षा अंगठा गेलेला परवडला.” गोदामवाल्यांनी तोपर्यंत त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. घरात संध्याकाळी चहा आणि पाव असायचा, आणि जखमेचा वास असायचा. त्या वासाबद्दल कोणी बोलायचं नाही.

आईने आणि मी एका सकाळी त्यांना धरून खाली आणलं. ताईंनी नाव घेतलं, पेन रोखलं, बाबा बसले. उपाशीपोटीचं रक्त झाल्यावर बाबा उठायला लागले. ताई म्हणाल्या, “खंय निघालात? वर?”

“जेवून यायला सांगितलंय ना.”

“त्या पायान? बसा हय. पोरगी डबा आणील. इथेच जेवा, इथेच थांबा, दोन तासांनी दुसरं रक्त घेऊ. तुमचं नाव मी उघडं ठेवते.”

नाव उघडं ठेवणं ही त्यांची पद्धत. एरवी रक्त झालं की कॉम्प्युटरवर ‘पूर्ण’ म्हणायचं आणि नाव बंद करायचं. माणूस दुसऱ्या रक्ताला परत आला की परत नाव, परत रांग. पार्ल्याला, अंधेरीला ते ठीक आहे, तिथली माणसं लिफ्टने घरी जातात आणि नाश्ता करून येतात. डोंगरावरचा माणूस एकदा वर गेला की बहुतेक परत येतच नाही. म्हणून ताई नाव बंद करायच्याच नाहीत. दुसरं रक्त होईपर्यंत ते उघडं राहायचं, आणि माणूस बाकावर राहायचा.

त्यामुळे ते केंद्र लॅबसारखं दिसायचंच नाही. सकाळी नऊच्या पुढे तिथे कांदेपोह्यांचा, भाकरीचा, लसणाच्या चटणीचा वास. ताई फिरून डब्यात डोकवायच्या. एकदा एका आजोबांच्या डब्यात शिरा सापडला. ताई भडकल्या की मालवणीवर यायच्या. “साखरेचो आजार आणि डब्यात शिरो? मगे इलास कित्याक?” आजोबा म्हणाले, “सुनेने दिला.” ताई म्हणाल्या, “सुनेचंही नाव घेते. तिलाही बोलवा.” अख्खा बाक हसला. आजोबांनी शिरा खाल्लाच, पण अर्धा.

बाबांचा अंगठा गेला. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत गेला असता.

त्यानंतर बाबांना वरचेवर तिथे जावं लागायचं आणि डबा घेऊन मी. तो बाक मला आवडायला लागला. तिथे पंखा होता, उजेड होता, घरी दोन्ही नव्हतं. मी तिथे अभ्यास करायचे. ताई मला ‘भटवाडी’ म्हणायच्या, आम्ही त्या बाजूने उतरायचो म्हणून. “भटवाडी, इंग्लिश येतं ना तुला? मग ह्या आजींचा रिपोर्ट वाचून दाखव. घाबरवू नकोस, नुसतं वाच.” आकडा मोठा म्हणजे वाईट की लहान म्हणजे वाईट, हे मी तिथे शिकले. पुढे स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झाले. आमच्या दोन्ही घराण्यांत, आईच्या आणि बाबांच्या, पदवी घेतलेली मी पहिली. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. पेढे घेऊन गेले तेव्हा ताईंनी एक पेढा मोडून अर्धा स्वतः घेतला, अर्धा मला दिला, आणि बाकावरच्यांना म्हणाल्या, “तुम्ही नुसते बघा. तुम्हाला साखर आहे.”

मला नोकरी लागली ती त्याच लॅबच्या अंधेरीच्या ऑफिसात. आमच्या टीमचं काम म्हणजे सगळ्या केंद्रांची माहिती गोळा करून ती साहेबलोकांना मोबाइलवर दिसेल असं ॲप बनवायचं. कुठे किती माणसं आली, कुठे किती वेळ थांबली, रिपोर्ट कधी गेला. आधी हे सगळं महिन्याच्या शेवटी कागदावर यायचं आणि कोणी वाचायचं नाही. आता डायरेक्टर गाडीत बसून अंगठा खाली ओढायचे की ताजे आकडे. मुंबईचा नकाशा, त्यावर केंद्रांचे ठिपके. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे फोन येणार. काम झकास झालं होतं, मला अभिमान वाटायचा. बाबांना मी मोबाइलवर दाखवलं तर ते म्हणाले, “आपलं घाटकोपर कुठे?”

आपलं घाटकोपर लाल होतं.

कारण कळायला मला वेळ लागला नाही, मी त्या बाकावरच वाढले होते. नाव घेतल्यापासून नाव बंद होईपर्यंतचा सगळा वेळ ॲप ‘ताटकळणं’ म्हणून मोजत होतं. ताईंची माणसं डबा खात बसलेली असायची आणि ॲपच्या हिशेबी ती खोळंबलेली असायची. केंद्रांचा कारभार बघणाऱ्या आमच्या साहेबांनी ठरवलेला नियम होता तो, सगळ्या केंद्रांना सारखा.

ॲप केंद्रप्रमुखांच्या मोबाइलवरही दिलं होतं. ताईंना ते कसं बघायचं ते मीच शिकवलं. सुरुवातीला त्या हसल्या. “लाल तर लाल. रक्ताचंच दुकान आहे आपलं.” मग रोज सकाळी ग्रुपवर नकाशाचा फोटो यायला लागला. मुलुंडला अंगठा, बोरिवलीला टाळ्या, आणि घाटकोपरच्या खाली साहेबांचं एकच प्रश्नचिन्ह. ताईंचं हसणं कमी झालं. बाकाकडे रोखलेलं पेन त्या मध्येच खाली ठेवायच्या आणि मोबाइलवर अंगठा ओढायच्या. लाल. परत ओढायच्या. परत लाल. समोरचा माणूस उभाच. “ताई, बसू का?” असं लोकांना विचारावं लागायला लागलं. हे त्या केंद्रात कधी झालं नव्हतं.

एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “भटवाडी, रंग तुझ्या हातात असतो ना? जरा फिकट तरी कर गो.”

मला हसू आलं आणि लगेच गेलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

“ताई, तसं नाही करता येत.”

“मग हे केंद्र बंद करतील. खालचा पानवाला पण सांगतोय, जागा बघायला माणसं येऊन गेली म्हणून. हे गेलं की डोंगरावरून मुलुंडला कोण जाणार रक्त द्यायला? घरीच सडतील. तुझा बाप सडला असता तसे.”

बोलल्यावर त्यांनी माझा हात दाबला. पण शब्द मागे घेतले नाहीत, आणि घेण्यासारखे नव्हतेच.

मग त्यांना अंधेरीला बोलावणं आलं. इस्त्रीची साडी, डोक्याला तेल, पर्समध्ये ते पेन. मीटिंगमध्ये साहेब, त्या आणि मी. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून ताईंकडे वळवला.

“ताई, तुम्हीच बघा. बाकी सगळी हिरवी. एकटं तुमचं.”

“आमची माणसं बसलेली आहेत साहेब. ताटकळत नाहीयेत.”

“ॲपला दोन्ही सारखंच.”

“मग ॲपला सांगा ना फरक. ही बसलीय इथे, हिला येतं.”

मी रात्रंदिवस नाही, पण दोन जेवणाच्या सुट्ट्या घालवून ॲपमध्ये एक वेगळा पडदा करून ठेवला होता. पहिल्या रक्तापर्यंतचा वेळ वेगळा, दुसऱ्या रक्तासाठी थांबण्याचा वेगळा. तो दाखवला. तसं मोजलं तर घाटकोपर हिरवं येत होतं, आणि दुसऱ्या रक्ताला परत येणारी माणसं सगळ्यात जास्त तिथेच होती. साहेबांनी नीट पाहिलं.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “पण डायरेक्टर हे गाडीत बघतात, लग्नाच्या रांगेत बघतात. मोबाइलचा पडदा केवढा? एका केंद्राला एकच रंग. दोन वेळांचे दोन काटे दाखवले की मला फोन येतो, दोन का. नको. रक्त झालं की नाव बंद, माणूस बाहेर. आणि ते डबे बंद. लॅब आहे ती.”

“परत आले की रांगेच्या शेवटी उभे राहतील,” ताई म्हणाल्या. “दोन तासांचं रक्त तीन तासांनी निघेल. तो रिपोर्ट कोणाच्या कामाचा?”

“तेवढं तुम्ही सांभाळून घ्या.”

ताई काही वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. मग त्या माणसाला, जो वयाने त्यांच्या धाकट्या भावाएवढा होता, त्या म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत द्या साहेब. हिरवं करून दाखवते. बंद नका करू. हात जोडते.” आणि त्यांनी खरंच हात जोडले. साहेब उठून उभे राहिले, “अहो ताई, असं काय करता” म्हणाले. मला कुठे बघावं कळेना.

त्यांनी हिरवं करून दाखवलं. दुसऱ्याच सोमवारपासून रक्त झालं की नाव बंद. दारावर कागद लागला, इथे खाऊ नये. एक बाक उचलून आतल्या खोलीत ठेवला. ग्रुपवर घाटकोपरच्या खाली पहिल्यांदा अंगठे आले. साहेबांनी ‘वा, ताई’ लिहिलं. माझ्या पडद्यावर मात्र मला दुसरंही दिसत होतं. दुसऱ्या रक्ताला परत येणारी माणसं रोज कमी होत होती. ते कोणाच्या मोबाइलवर येत नव्हतं. त्याला रंग दिलेला नव्हता.

बाबासुद्धा दुसऱ्या रक्ताला जायचे थांबले. म्हणाले, “एकच रक्त देऊन आलो. पुरे.”

आमच्या वरच्या आळीत एक आजी होत्या, लांज्याकडच्या, एकट्याच राहायच्या. कोणी सांगितलं तर ऐकायच्या आणि वेळ पाळायच्या. पहिलं रक्त देऊन त्या वर गेल्या, भाकरी खाल्ली, आणि दोन तास भरायच्या आत परत उतरायला लागल्या. उशीर होऊ नये म्हणून घाईने. पायरीवर पडल्या. खुबा मोडला.

ताईंना कळलं तशा त्या केंद्र सोडून हॉस्पिटलात गेल्या. मी ऑफिसातून तिथे पोहोचले तेव्हा आजी खाटेवर डोळे मिटून होत्या. ताईंचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “माझं नाव बंद झालं असेल ना गो?”

ताई म्हणाल्या, “नाही आजी. उघडंच आहे.”

खोटं होतं ते. बाहेर येऊन ताई पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. पेन पर्समधून काढून हातात धरून बसल्या, कोणाकडेही न रोखता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर घाटकोपर पिवळं झालं, दुपारच्या आत लाल. मी फोन लावला.

“ताई, नावं उघडी राहिलीयत.”

“राहिली नाहीत. ठेवलीत.” मागून डब्याच्या झाकणाचा आवाज येत होता.

“ताई, ह्या वेळी बंद करतील.”

“ठाव आसा माका.”

“मी परत बोलते साहेबांशी. मी तो पडदा परत—”

“तू तुझी नोकरी सांभाळ. बापाला औषधं लागतात. आणि त्याला पाठव उद्या. डबा घेऊन पाठव.”

मी साहेबांशी बोललेच. आजींचं सांगितलं. हॉस्पिटलचा खर्च कंपनी बघेल म्हणाले, आणि तो त्यांनी बघितलाही. पण जागेचा करार संपत आला होता, आणि लाल ठिपक्यासाठी करार पुन्हा करा असं डायरेक्टरांना सांगायची त्यांची तयारी नव्हती. दिवाळीच्या आधीच केंद्र बंद झालं. शेवटच्या सकाळी ताईंनी सगळ्यांची नावं घेतली, सगळ्यांना बसवलं, दुसरं रक्त झाल्यावर एकेक नाव बंद केलं. बाबा त्या दिवशी होते. ते म्हणतात, शेवटचं नाव बंद केल्यावर ताई बराच वेळ रिकाम्या बाकाकडे पेन रोखून उभ्या होत्या. शटरला कागद लागला, जवळचं केंद्र मुलुंड. पुढचे कित्येक दिवस काही म्हातारी माणसं सकाळी उतरून त्या शटरपुढे बसायची आणि ऊन चढलं की परत जायची.

ताईंना अंधेरीच्या मुख्य लॅबमध्ये घेतलं. मागच्या खोलीत, जिथे पेशंट येत नाही. सगळ्या केंद्रांतून रक्ताच्या नळ्या यायच्या, त्यांच्यावरची पट्टी बघून त्या स्टँडमध्ये लावायच्या, एवढं काम. मी जेवायच्या सुट्टीत तिकडे जायचे. सुरुवातीला त्या बोलायच्या, मग कमी बोलायला लागल्या. मोबाइल त्यांनी बघणं सोडलं होतं. मी काही सांगितलं तर म्हणायच्या, “कसला रंग नि काय. हय सगळाच लाल.”

एकदा मी दारातच थांबले, कारण त्या एकट्याच बोलत होत्या. नळी उचलायची, डोळ्यांजवळ धरून पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचायचं, स्टँडच्या भोकात ठेवायची, आणि पेन तिच्याकडे रोखायचं. “नाव घेतलं. बसा.” पुढची नळी. “नाव घेतलं. बसा.” मी आत गेले नाही.

काही महिन्यांनी त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. मला कळलं तेव्हा त्यांच्या जागी दुसरी बाई नळ्या लावत होती, पटापट, न बोलता. कांदिवलीला त्या बहिणीकडे राहायच्या, तिथे गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघी गावाला गेल्या, परत यायचं काही बोलल्या नाहीत. मोबाइल बंद लागतो. अजूनही लागतो. मी अधूनमधून लावते.

त्यानंतर मुलुंड लाल झालं.

साहेबांना कळेना, चांगलं चाललेलं केंद्र असं कसं बिघडलं. मला कळलं होतं. डोंगरावरची जी थोडी माणसं हट्टाने तपासायला जात होती, ती आता बस पकडून मुलुंडला जायची. एवढ्या लांबून आलेला माणूस मध्येच परत कुठे जाणार? ती तिथेच डबा उघडायची आणि काउंटरवरच्या मुलीला सांगायची, “आमचं नाव बंद करू नका हां. आमच्या ताई उघडं ठेवायच्या.” ती मुलगी नवीन होती. तिला तो नियमच वाटला.

साहेबांनी मला बोलावलं. घाटकोपर बंद करता आलं, मुलुंड बंद करता येणार नव्हतं, ते सगळ्यात मोठं केंद्र. खिडकीकडे बघत ते म्हणाले, “ते तुझं दोन काट्यांचं काय होतं?”

मी म्हटलं, “ताईंचं होतं ते, सर.” मी पडदा पुढे केला.

लांज्याच्या आजी आता काठी घेऊन चालतात, पण डोंगर उतरत नाहीत. घाटकोपरचं केंद्र परत उघडलेलं नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. बाबांचा पाय शाबूत आहे. ते मुलुंडला जातात, डबा घेऊन.

आमच्या ॲपमध्ये आता दुसऱ्या रक्तासाठी थांबलेल्या माणसाचा वेळ ताटकळणं म्हणून मोजत नाहीत. सगळ्या केंद्रांत त्याचं नाव उघडं ठेवता येतं, आणि त्याला बसायला बाक आहे.